उपरण्याखालचा सौदा

सातारा, २ जून १९४६

शरच्चंद्राचा निकाल लागला. इंटर सायन्स पास, तिसरा वर्ग. गेल्या वर्षी तो नापास झाला होता, त्या मानाने आनंदच मानायला हवा. पण पदार्थविज्ञानात अगदी काठावर आणि रसायनशास्त्रात काठाच्या एक बोट वर, याला आनंद म्हणावे की सुटका, हे मला ठरवता आले नाही. मी पेढे आणवले नाहीत. नंतर वाटले, आणवायला हवे होते. माझ्या शाळेतली एखादी मुलगी अशा गुणांनी पास झाली असती, तर मुख्याध्यापिका म्हणून मी तिच्या पाठीवरून हात फिरवला असता. मग घरच्या मुलाला वेगळा न्याय का? डब्यात गूळ होता, तो त्याच्या हातावर ठेवला.

गूळ खाऊन तो म्हणाला, "मावशी, मला दातांच्या कॉलेजात जायचंय. मुंबईला."

मला आधी थट्टाच वाटली. म्हटले, "एवढ्या गुणांवर डॉक्टरकीला कोणी विचारणार नाही, म्हणून दातांचं काढलंस का?"

"नाही. मला दातांचंच शिकायचंय."

"का?"

"असंच." एवढे बोलून तो, मी जेवत असताना, माझ्या तोंडाकडे पाहत बसला. हल्ली ही सवय त्याला लागली आहे. दुसरा माणूस जेवत असताना त्याच्या तोंडाकडे पाहू नये, हे मी त्याला लहानपणापासून शिकवले आहे.

४ जून

राहीबाईला बातमी कळली. ती भांडी घासता घासता म्हणाली, "आवं बाई, दात उपटाया कालेज लागतंय व्हय? दात दुकला की मिसरी लावायची. त्येनंबी न्हाई ऱ्हायला तर आमच्या गावच्या न्हाव्याकडं जायाचं. त्येला कुणी धाडलं हुतं मुंबईला?"

शरच्चंद्र ओट्यावर जाऊन बसला. "राहीबाई, तोंड उघडा बघू. काळे झालेले किती आहेत ते पाहतो."

"आरं जा गड्या! तोंड उघडाया मी काय म्हस हाय व्हय? बाजारात न्यायची हाय का मला?"

दोघेही खूप हसले. मीही हसले, आणि उजवीकडची दाढ ठणकली. गेला महिनाभर मी डाव्या बाजूने जेवते आणि झोपताना लवंग धरते. मुलींची शाळा उघडण्याच्या दिवसांत मुख्याध्यापिकेने दाढेचे रडगाणे गावे, असे मला वाटत नाही. सांगितले तर सगळे घर डोक्यावर घेईल हा मुलगा, म्हणून त्यालाही सांगितलेले नाही.

दिवसभर एकच विचार केला. तो अर्ज करणार, हे मला का आवडत नाही? गुण कमी आहेत, तो तिथे टिकणार नाही, त्याची मानहानी होईल, ही कारणे खरी आहेत. पण सगळी कारणे लिहून झाल्यावरही काही तरी उरते. ते काय, ते सापडले नाही.

९ जून

वडिलांची परवानगी घ्यायला शरच्चंद्र सांगलीला गेला होता, तो आज परतला.

माझी थोरली बहीण, शकुंतलाअक्का, सांगलीच्या नाथाजीरावांना दिली होती. त्यांची हळदीची आडत आहे. आमचे वडील वाईला मास्तर, सत्यशोधकी विचारांचे. त्यांनी मला, मी लहानपणी विधवा झाल्यावर, पुण्याला शिकवले. आणि अक्काला मात्र पेढीवरच्या माणसाच्या घरी दिले. अक्का गेली तेव्हा शरच्चंद्र तीन वर्षांचा होता. मी त्याला चार दिवसांसाठी म्हणून साताऱ्याला आणला. दाजींनी वर्षभरात दुसरे लग्न केले, आणि मुलाला न्यायला ते कधी आलेच नाहीत. शाळेची फी, कपडे, सणाला हळदीची गोणी, सगळे वेळच्या वेळी येत राहिले. माणूस आला नाही. त्यांच्याविषयी न्यायाने लिहायचे तर एवढेच लिहिता येते.

मला खात्री होती की ते नाही म्हणतील. त्यांना मुलगा आडतीवर हवा आहे. सुट्टीत तो तिथे जातो तेव्हा त्याला ते सौद्याला बसवतात. बाजारात हळदीचा भाव तोंडाने बोलत नाहीत. आडत्या उपरणे टाकतो, त्याखाली दोघे हात धरतात, आणि जितकी बोटे दाबली तितका आकडा. भोवतीच्या पन्नास माणसांना काही कळत नाही. शरच्चंद्राला ते चांगले येते म्हणे. मला ते कधीच आवडले नाही. जे चारचौघांत बोलता येत नाही ते करावे कशाला?

"मग काय म्हणाले आबा?" मी विचारले.

"आधी म्हणाले, 'दात? मान्सांचं? आन् मग हळदीचं काय?' मग म्हणाले, 'मास्तरीणबाई काय म्हंत्यात?'"

"आणि तू काय सांगितलंस?"

"की तुला पसंत आहे."

मी त्याला खोटे बोलल्याबद्दल रागावले. तो म्हणाला, "मग नाहीये का पसंत?" मी त्याला पुन्हा त्याच गोष्टीवरून रागावले.

१३ जून

मुलाखतीचे बोलावणे आले. १९ तारखेला, पालकांसह. मी शाळेतून रजा घेतली.

रसायनशास्त्राचे पुस्तक घेऊन मी त्याची उजळणी घ्यायला बसले. मला रसायनशास्त्र येत नाही. मी विचारते आणि तो काय सांगतो ते पुस्तकात पडताळते. क्षार म्हणजे काय, हे त्याने तीन वेगवेगळ्या प्रकारे सांगितले, त्यातले एकही पुस्तकाशी जुळले नाही. मध्येच म्हणाला, "मावशी, तुझा गाल सुजलाय का?" मी म्हटले, विषय बदलू नकोस.

मुंबई, १८ जून

सातारा रोड स्टेशनवर मिरजेहून येणारी गाडी थांबली, आणि आम्ही ज्या डब्यात चढलो त्यात दाजी बसलेले. डोक्याला नवा फेटा, खांद्यावर उपरणे, पायाशी हळदीची लहान गोणी.

"तुम्ही?" मी म्हटले.

"पालक म्हनून लिवलंय न्हवं कागदात? मग म्या कोन, शेजारी?"

इतक्या वर्षांत आम्ही सलग एवढा वेळ समोरासमोर बसलो नव्हतो. दिवसभर शेतकऱ्यांशी बोलून त्यांची भाषा अगदी शेतकऱ्याची झाली आहे. नखे कायमची पिवळी आहेत. पुण्यापर्यंत ते मला एकच प्रश्न विचारत होते, फिरवून फिरवून: "तितं कोन असतंय? म्हंजे जागा द्यायचं कुणाच्या हातात असतंय?" मी सांगितले की गुण पाहतात, मुलाखत घेतात, समिती असते. "व्हय, व्हय," ते म्हणाले. "पर शेवटचा सबूद कुणाचा?"

उतरलो आहोत ते मांडवीला, त्यांच्या ओळखीच्या हळदीच्या व्यापाऱ्याकडे. गोणी त्याच्यासाठी असेल असे मला वाटले होते. ती अजून आमच्याच खोलीत आहे.

मुंबई, १९ जून

जे झाले ते सगळे लिहिते. स्वतःला सोडून लिहिणार नाही.

मुलाखत घेणारे डॉ. दस्तूर म्हणून पारशी गृहस्थ होते, साठीच्या घरातले, पांढरा कोट, चष्मा कपाळावर. टेबलावर प्लास्टरचे जबडे मांडलेले. त्यांना मराठी मोडके येते, म्हणून बोलणे बहुतेक इंग्रजीत झाले. गोणी दाजींनी बाहेर बाकाखाली ठेवली, हे माझ्या सांगण्यावरून. मला वाटले, मी वेळीच अनर्थ टाळला.

आत गेल्यावर डॉक्टरांनी शिष्टाचाराने दाजींपुढे हात केला. दाजींनी तो दोन्ही हातांत घेतला, आणि मला कळायच्या आत खांद्यावरचे उपरणे त्यावर टाकले.

मला तिथेच समजले. उपरण्याखाली काही तरी हलत होते, थांबत होते, पुन्हा हलत होते. दाजींचा चेहरा अगदी शांत, बाजारात असतो तसा. डॉक्टर आधी हसले, मग बुचकळ्यात पडले. मला इंग्रजीत विचारले, "हे वैद्य आहेत का? माझी नाडी बघताहेत?"

मी काही तरी सांगायला तोंड उघडले. काय सांगणार होते, ते देवाला ठाऊक. पण शरच्चंद्रच बोलला.

"नाही, सर. हे माझे वडील. हळदीचे आडते आहेत. ते तुम्हाला भाव विचारताहेत."

"कशाचा भाव?"

"माझ्या जागेचा."

दाजींना इंग्रजी येत नाही. ते उत्तराची वाट पाहत तसेच हात धरून उभे होते.

डॉक्टर म्हणाले, "आणि आता मी काय करायचं असतं?"

"पसंत नसेल तर हात काढून घ्यायचा, सर. त्यात राग नसतो. रोजच होतं ते."

डॉक्टरांनी हात काढून घेतला. हळूच, झटकला नाही. कोटाच्या बाहीला पिवळे लागले होते, ते त्यांनी एकदा पाहिले. मोडक्या मराठीत दाजींना म्हणाले, "शेठ, बसा. इथे माल नाय विकते." दाजी ओशाळून बसले, पण मला वाटते, त्यांना एवढेच कळले की पहिला भाव कमी पडला.

मग डॉक्टरांनी गुणपत्रिका पुढे ओढली आणि माझ्याकडे वळले. "तुम्ही मुख्याध्यापिका आहात. हे गुण पाहा. छातीवर हात ठेवून सांगा, तुमच्या संस्थेत या गुणांवर तुम्ही याला घेतला असता का?"

मी म्हटले, "नाही."

हेच मला लिहायचे होते. मी म्हटले, नाही. आवाज स्पष्ट होता. शरच्चंद्र माझ्या शेजारी बसला होता, मी त्याच्याकडे पाहिले नाही. प्रश्न सरळ होता आणि उत्तर खरे होते. दाजींच्या प्रकारानंतर कोणी तरी खरे बोलायला हवे, असे त्या क्षणी वाटले. पण "नाही, परंतु" असे म्हणता आले असते. त्या "परंतु"च्या पुढे सांगण्यासारखे माझ्याजवळ पुष्कळ होते.

डॉक्टर चष्मा डोळ्यांवर घेऊन शरच्चंद्राला म्हणाले, "तुझे वडील तुला भाव देऊन आत आणू पाहतात. तुझी मावशी दार लावून घेते. तुझं काय म्हणणं आहे?"

"माझ्या गुणांवर दोघांचाही भरवसा नाही, सर. माझाही नाही. रसायनशास्त्र मला दोनदा वाचावं लागतं. पण हे काम मला करायचंय."

"का?"

तो म्हणाला, "माणसं दुखतंय म्हणत नाहीत, सर. चावायची बाजू बदलतात. आणि आपण समोर बसून नुसतं बघायचं."

हे उत्तर मला फारसे पटले नाही. देशात दंतवैद्य किती थोडे आहेत, खेड्यांत काय हाल आहेत, हे मी त्याच्याकडून पाठ करून घेतले होते. त्यातले त्याने एक अक्षर काढले नाही. पण डॉक्टर काही वेळ त्याच्याकडे पाहत राहिले, आणि मग कसे कोण जाणे, माझ्याकडे. मी पदर नीट केला.

मग त्यांनी दाजींचे उपरणे मागितले. टेबलावरचा एक जबडा त्याखाली ठेवला. "बघू या तुझी बाजारातली विद्या. न बघता सांग, याला काय झालंय."

शरच्चंद्राने उपरण्याखाली हात घातले. मान वर करून तो भिंतीकडे पाहत होता. त्याचे हात असे शांत मी कधी पाहिले नव्हते. पुस्तकाची पाने उलटताना तो नेहमी घाई करतो. म्हणाला, खालच्या बाजूची एक दाढ नाही, तिच्या मागची पुढे कलली आहे. समोरच्या एका दाताचा टवका गेला आहे. आणखी काही नाही.

"वरच्या सुळ्याजवळ चीर आहे. ती तुला सापडली नाही."

त्याने पुन्हा चाचपले. "हो, सर. आता लागली. आधी नाही लागली."

डॉक्टर म्हणाले, "हातांचं काम हातांना जमेल असं दिसतं. पण यादी गुणांवर लागते, आणि गुण मला वाढवता येत नाहीत. जास्तीत जास्त प्रतीक्षा यादीत नाव घालीन. जा आता."

बाहेर आल्यावर दाजींनी आधी बाकाखालची गोणी जागेवर आहे ना ते पाहिले. मग विचारले, "चंदर, त्यो डाक्टर मास्तरीणबाईस्नी काय इचारत हुता रं?"

शरच्चंद्र म्हणाला, "माझ्याबद्दल विचारलं, आबा. मावशीनं लय तारीफ केली."

"केलीच पायजे," दाजी म्हणाले. "वाढिवलाय न्हवं तिनं."

मी रस्त्यावरच्या ट्रामकडे पाहत राहिले. मी खोटे बोलत नाही म्हणून माझी ख्याती आहे. आज मी एका खोट्याच्या आडोशाला उभी राहिले, आणि आडोसा त्या मुलाने धरला होता.

२१ जून, सातारा

परत आलो. सातारा रोडला आम्ही उतरताना गोणी दाजींनी माझ्या हवाली केली. "ऱ्हाऊ द्या घरात. त्या पारशाच्या नशिबात न्हवती."

शरच्चंद्राशी त्या "नाही"बद्दल बोलायचा मी दोनदा प्रयत्न केला. दुसऱ्यांदा तो म्हणाला, "मावशी, तू खरंच सांगितलंस. मग आता काय?" त्याच्या आवाजात राग असता तर बरे वाटले असते.

२७ जून

यादी लागली. त्यात नाव नाही. प्रतीक्षा यादीत आहे, पण बऱ्याच खाली.

शरच्चंद्राने पत्र दोनदा वाचले, घडी केली आणि राहीबाईला म्हणाला, "तुमच्या गावच्या न्हाव्याला चेला हवाय का विचारा."

राहीबाईला रडू आले. ती म्हणाली, "मेला न्हावी! माझं सगळं दात त्येनंच घालवलं." मग पुढे होऊन तिने तोंड उघडले, आपण होऊन. त्याने खिडकीच्या उजेडात नेऊन नीट पाहिले.

३० जून

तो सांगलीला गेला. आडतीवर बसेन म्हणाला, निदान या वर्षी. मी अडवले नाही. त्याच्या खोलीतले टेबल आवरले. रसायनशास्त्राच्या पुस्तकात क्षारांच्या पानावर त्याने पेन्सिलीने दातांची रांग काढली आहे, मुळांसकट. चित्र बरे आहे. मी ते खोडले नाही.

खरे लिहायचे तर यादीत नाव नाही हे कळले तेव्हा, वाईट वाटण्याच्या आधी, क्षणभर मला हायसे वाटले. इतका थोडा वेळ की पूर्वी मी ते लिहायचे सोडून दिले असते.

४ जुलै

मधल्या सुट्टीत शाळेच्या पत्त्यावर पत्र आले. एक जागा रिकामी झाली. वरची मुले दुसरीकडे गेली असावीत. मंगळवारपर्यंत हजर व्हावे. सहामाहीत रसायनशास्त्रात नापास झाल्यास नाव कमी करण्यात येईल.

मी ते टेबलाच्या खणात ठेवले. दोन तास घेतले. मग शिक्षिकांची बैठक होती, ती उद्या घेतली असती तरी चालले असते. मग पाचवीच्या वह्या पाहिल्या. तारघर बंद व्हायच्या सुमाराला मला आठवले की तारघर बंद होते. टपालवाले संपावर जाणार अशी बोलवा गावभर आहे. म्हणजे आजचे काम उद्यावर टाकण्याचा हा आठवडा नव्हे, हेही मला माहीत होते.

कामात विसरले, असे लिहिता येईल. विसरले नव्हते. खण चार वेळा उघडला.

५ जुलै

सकाळी तारघर उघडायच्या आधी दारात जाऊन उभी राहिले. तार केली: जागा मिळाली, सोमवारी नीघ. कारकून म्हणाला, "आनंदाची दिसते." मी म्हटले, हो. हे म्हटल्यावर तो खरोखरच झाला, थोडासा.

घरी येऊन त्याची ट्रंक काढली.

८ जुलै

सकाळच्या मोटारीने ट्रंक आणि डबा घेऊन सातारा रोडला गेले. मिरजेहून गाडी आली. शरच्चंद्र दारातच उभा होता. त्याची नखे आठवड्यात पिवळी झाली आहेत. दाजी त्याला पोचवायला मुंबईपर्यंत जाणार होते, पण ते वळकटी घेऊन खाली उतरले.

"काय झालं?" मी विचारले.

"म्या न्हाई जात. म्या तितं गेलो की काय तरी वंगाळ करून बसतो. जाऊ दे त्येला त्येचा त्यो."

"आबा, तिकीट काढलंय की."

"आसू दे रं. रेलवेला तरी कवा तरी फायदा व्हावा."

मी त्याला सांगायचे म्हणून काय काय ठरवले होते. रसायनशास्त्राला शिकवणी लाव, पत्र दर रविवारी, बाहेरचे पाणी पिऊ नकोस. प्रत्यक्षात डबा हातात दिला आणि म्हटले, "मी त्या दिवशी 'नाही' म्हणायला नको होतं."

"मावशी," तो म्हणाला, "तू जेवत जा नीट." एवढ्या मोठ्या गोष्टीला हे काय उत्तर! मग वाकून दोघांच्या पाया पडला, आणि गाडी हलली. दाजी डब्याबरोबर चार पावले चालले आणि थांबले.

सांगलीकडची गाडी यायला पुष्कळ अवकाश होता. आम्ही बाकावर बसलो. मी इंग्रजीत काय म्हणाले होते, ते दाजींना सांगून टाकले. सगळे सांगितले, तारेचा उशीरही.

ते म्हणाले, "ठावं हाय मला. विंग्रजी न्हाई येत, पर तोंड दिसत हुतं की तुमचं. आडतीवर रोज बगतो. माल इकायचा जीव हुईना की शेतकरी आपल्याच मालाला खोट दावतो. 'वाईच वली हाय, वाईच बारीक हाय.' त्येला नाव ठेवत न्हाई कुनी."

मला राग आला. माल म्हटल्याचा असेल, किंवा बरोबर म्हटल्याचा. मी म्हटले, "तुमचा जीव तर कधीच गुंतला नाही. इतक्या वर्षांत त्याला न्यायला एकदा आला नाहीत."

ते उपरण्याच्या टोकाशी चाळा करत बसले. मग म्हणाले, "आलो हुतो की. पैल्याच साली. शकूचं वर्सश्राद्ध झालं नि आलो. तुमी परसात त्येला न्हाऊ घालत हुता. डोळ्यांत साबन गेला म्हनून रडत हुतं पोरगं, आन् तुमी त्येच्यावानीच रडत हुता. दारातनं बगितलं. म्हनलं, दोगांतला एक उचलून न्यायचा तर कुटला न्यायचा? तसाच मागं फिरलो."

मला तो दिवस आठवला नाही. असे कितीतरी दिवस होते.

मी बाकावरून उठले. मग म्हटले, "दाजी, घरी चला. जेवून जा."

ते म्हणाले, "तुमच्या घरी?" जणू मी विलायतेला चला म्हटले होते.

मोटारीने आलो. राहीबाईने पिठले-भाकरी केली. दाजी पाटावर अवघडून बसले, पण पोटभर जेवले. मग म्हणाले, चंदरची खोली बगू का? त्यांनी टेबलावरची पुस्तके न उघडता एकावर एक नीट रचली, खिडकीतून परसाकडे पाहिले, आणि "वाईच पाठ टेकतो" म्हणून त्याच्या खाटेवर आडवे झाले. फेटा त्यांनी काढून पुस्तकांवर ठेवला आहे. डोक्यावरचे केस पार पांढरे झालेत, हे आज पहिल्यांदा पाहिले.

मी इकडे लिहीत बसले आहे आणि पलीकडून घोरणे ऐकू येते. दुपारची मोटार त्यांना गाठायची होती. ती आता फाट्यावरून गेली असेल. संध्याकाळची आहे. मी त्यांना उठवले नाही.